टॅपिंगआधी हेतू ठरवायचा, पण नेमका कुठला? दादाच्या फोनची एक केस

ही केस लिहायला ताईंची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं जे काही होतं ते बदललंय. नाव देत नाही, ताईच म्हणते, मी त्यांना तसंच म्हणायचे आणि त्या मला मॅडम म्हणायच्या, कितीदा सांगितलं नावाने हाक मारा तरी मॅडमच. मी समुपदेशन करते, टॅपिंग, म्हणजे त्रास मनात धरून चेहऱ्यावरच्या आणि अंगावरच्या ठरलेल्या ठिकाणी बोटांनी टकटक करणं, हे माझ्या कामातलं एक छोटंसं साधन आहे, रोज वापरते असंही नाही. या केसमध्ये मी स्वतः एका ठिकाणी चांगलीच चुकले, तेही लिहिलंय.

पार्श्वभूमी

ताई पंचेचाळिशीच्या, नोकरी करणाऱ्या, कामात चोख. माझ्याकडे आल्या तेव्हा टॅपिंग शिकवायची वेळच आली नाही कारण चार महिने त्या रोज रात्री व्हिडिओ लावून करत होत्या. तळहाताची करंगळीखालची कड, मग टाळू, भुवईची सुरुवात, डोळ्याची कड, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटीचा खळगा, गळ्याखालचं हाड, काखेखाली, सगळं पाठ. बोटं इतकी सरावलेली की माझ्याशी बोलता बोलता त्यांचा हात आपोआप गळ्याखालच्या हाडावर जायचा आणि टकटक सुरू, त्यांचं त्यांना कळायचंही नाही.

सोबत एक वही आणली होती. रोजची तारीख, खाली "हेतू:" आणि त्याखाली त्रास किती याचा सुरुवातीचा आकडा आणि शेवटचा आकडा. हा शून्य ते दहा आकडा मूळचा टॅपिंगवाल्यांचा नाही, जोसेफ वोल्पे नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने भीतीच्या उपचारासाठी ० ते १०० अशी त्रास मोजायची पट्टी काढली होती, तीच पुढे आटोपशीर होऊन इथे आली. तर वहीत काय होतं बघा. "हेतू: शांतता." ८, ७. "हेतू: दादाला माफ करणं." ८, ८. "हेतू: सगळी निगेटिव्हिटी जाऊ दे." ७, ७. परत शांतता. परत माफी. एका पानावर ८ चे ९ झालेले आणि बाजूला बारीक अक्षरात, "आज करायला नको होतं."

चार महिन्यांची पानं आणि आकडा जागचा हलायला तयार नाही. ताईंनी कुठेतरी वाचलं होतं की एका तासाच्या टॅपिंगने स्ट्रेसचं हार्मोन २४ टक्क्यांनी उतरतं. हा अभ्यास खरा आहे, २०१२ चा, ८३ लोकांवर केलेला, कॉर्टिसोल मोजलं होतं, टॅपिंगच्या गटात सरासरी २४ टक्के घट आणि बाकी दोन गटांत १४ च्या आसपास. पण सरासरी ही सरासरी असते, आणि ताईंनी ती स्वतःच्या परीक्षेचा निकाल असल्यासारखी धरून ठेवली होती. "बाकीच्यांचं उतरतं आणि माझंच नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे ना मॅडम."

अडचण

फोनवर "दादा" असं नाव उजळलं की छातीत आवळायचं, घसा कोरडा. दादा म्हणजे मोठा भाऊ. फोन बहुतेक वेळा पैशासाठी, "एवढ्या वेळी सांभाळून घे" म्हणून, आणि ती एवढी वेळ दर दोन-तीन महिन्यांनी यायची. ताई एक तर फोन उचलायच्या नाहीत आणि मग रात्रभर अपराधी वाटून जागरण, नाहीतर उचलायच्या आणि हो म्हणून मोकळ्या व्हायच्या, मग पुढचे आठ दिवस स्वतःवरच चिडचिड.

छातीत आवळतं म्हटल्यावर मी पहिल्या भेटीत टॅपिंगला हातच लावला नाही. आधी डॉक्टरकडे जाऊन या म्हटलं. ताईंना हे आवडलं नाही, "मला माहितीय हे टेन्शनचंच आहे" वगैरे झालं, पण गेल्या, तपासण्या झाल्या, हृदयाचं काही निघालं नाही. या पायरीवर मी कुणाशीच तडजोड करत नाही. छातीतल्या आवळण्यावर टकटक करत बसायचं आणि ते निघायचं भलतंच, हा धोका कशाला घ्यायचा.

काय काय करता आलं असतं

टॅपिंग बाजूला ठेवून फक्त "नाही" म्हणायचा सराव करून घेणं हा एक पर्याय होता. खरं सांगायचं तर माझा कल आधी तिकडेच होता. पण ताईंचा त्या टकटकीवर जीव होता, आणि चार महिने मनापासून केलेली गोष्ट पहिल्याच दिवशी मोडीत काढली तर त्यांना वाटणार बघा, इथेही मीच चुकीची.

दुसरा म्हणजे मुळाशी जाणं, लहानपणीचं काय, घरात कोण कसं बोलायचं. टॅपिंगच्या जगात याचं फार आकर्षण आहे, एक जुनी आठवण सोडवली की वरचं सगळं कोसळतं असं म्हणतात. कधी होतंही तसं. पण ताईंची झोप आधीच उडालेली होती आणि आमची ओळख जेमतेम दोन भेटींची.

तिसरा, आहे तेच चालू ठेवायचं पण हेतू नीट ठरवून. यावर मी थांबले आणि त्याचं कारण तंत्राच्या इतिहासात आहे. टॅपिंग ज्यांच्यापासून सुरू झालं त्या रॉजर कॅलहन या मानसशास्त्रज्ञाच्या मूळ पद्धतीत प्रत्येक त्रासाला ठिकाणांचा वेगळा क्रम असायचा, फोबियाला हा, रागाला तो. १९९० च्या दशकात त्यांचे विद्यार्थी गॅरी क्रेग यांनी ते सोपं केलं आणि सगळ्या त्रासांना एकच क्रम लावला. आता क्रम सगळ्याला सारखाच म्हटल्यावर रागाचं टॅपिंग आणि भीतीचं टॅपिंग यात फरक कशाने पडणार, तर बसताना तुम्ही मनात काय धरलंय त्याने. दुसरा काही फरक उरतच नाही. त्यात २००३ मध्ये वेट आणि होल्डर या संशोधकांनी ११९ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग आहे, त्यात काहींनी ठरलेल्या ठिकाणी टॅपिंग केलं, काहींनी हातावर भलत्याच जागी आणि काहींनी चक्क एका बाहुलीवर, आणि भीती तिन्ही गटांत उतरली. टॅपिंगवाल्यांना हा प्रयोग आवडत नाही, मला मात्र उपयोगी वाटतो. बोट कुठे पडतंय यापेक्षा लक्ष कुठे आहे हे मोठं असणार, आणि ताईंचं लक्ष "शांतता" या शब्दावर होतं. त्या शब्दाला ना आकार ना जागा, त्याला धरणार कुठे?

काय केलं

दुसऱ्या भेटीत वही उघडून "दादाला माफ करणं" या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, समजा आज रात्री हा राग खरोखरच गेला, पूर्ण शून्य, तर उद्या दादाचा फोन आल्यावर काय होईल?

ताई लगेच म्हणाल्या, "मग काय, मी परत हो म्हणेन ना."

आणि गप्प झाल्या. मीही गप्प. गळ्याखालच्या हाडावरची टकटक थांबली होती.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "राग आहे म्हणून तर मागच्या दोन वेळा उचलला नाही मी."

म्हणजे बघा, राग ही त्या दाराची एकुलती एक कडी होती आणि ताई रोज रात्री बसून ती कडी काढायचा प्रयत्न करत होत्या, आणि मन काढू देत नव्हतं. शहाणंच म्हणायचं ते मन. कॅलहन याला मानसिक उलटापालट म्हणायचे, तोंडाने एक मागायचं आणि आतून त्याच्या उलट ओढायचं. मला हा शब्द जरा जड वाटतो. ताईंच्या आत उलटं काही चाललं नव्हतं, जे चाललं होतं ते अगदी सुलटच होतं.

मग आम्ही हेतू नव्याने लिहिला, वहीत नको, एका कोऱ्या कागदावर, ताईंच्याच हाताने. मी फक्त तीन प्रश्न विचारले.

आज कशावर? "फोनवर दादा दिसल्यावर पहिल्या १० सेकंदांत छातीत जे आवळतं त्यावर."

आज कशावर नाही? "राग. माफी. लहानपण." लहानपण हा शब्द त्यांनी आपणहून लिहिला, मी विचारलंही नव्हतं.

कधी थांबायचं? "आकडा ३ ला आला की, ९ च्या वर गेला की, किंवा २० मिनिटं झाली की."

सेटअपच्या, म्हणजे टॅपिंगच्या सुरुवातीला म्हणायच्या वाक्यावर मात्र गाडी अडली. "जरी मला हा त्रास होत असला तरी मी स्वतःला मनापासून आणि पूर्णपणे स्वीकारते", हे तीनदा म्हणायचं असतं तळहाताच्या कडेवर टॅप करत. ताई दुसऱ्या वेळी हसायलाच लागल्या. "असं कोण बोलतं हो, शपथविधी असल्यासारखं वाटतंय." बरोबरच होतं त्यांचं, इंग्रजीतून उचललेलं वाक्य आहे ते, तोंडात बसत नाही. मग तुमच्या शब्दांत म्हणा म्हटलं तर विचार करून म्हणाल्या, "दादाचं नाव दिसलं की आवळतं, आवळू दे, मी काही वाईट बहीण नाही." शेवटचं म्हणताना आवाज फुटला. हेच ठेवलं.

त्या दिवशी ८ वरून ४. चार महिन्यांत पहिल्यांदा.

जिथे माझं चुकलं

तिसरी भेट. आकडा उतरलेला, दोघीही खुशीत, आणि मला हाव सुटली. टॅपिंग चालू असताना डोळे मिटलेल्या ताई बोलून गेल्या, "हे ना, बाबा हाक मारायचे तेव्हा व्हायचं तसंच आहे." इथे मला थांबायला हवं होतं. कागद समोर टेबलवर होता, त्यावर स्पष्ट लिहिलेलं, लहानपण नाही. मी विचारलं, "कशी हाक मारायचे?"

दोन मिनिटांत आकडा १०. हात गार, श्वास वरचेवर, रडू नाही पण चेहरा पांढरा. ९ च्या वर थांबायचं हेही आम्हीच लिहिलं होतं, तरी मी आणखी एक फेरी करून बघितली, उतरेल म्हणून. नाही उतरलं. मग टॅपिंग बंद, डोळे उघडले, पाय जमिनीवर घट्ट, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने, पाणी. सावरायला अर्धा तास लागला आणि मी त्यांना तशाच घरी जाऊ दिलं नाही, सोबत कोणी येईपर्यंत बसवून ठेवलं.

रात्री मेसेज आला. "मॅडम आपण लिहिलं होतं ना लहानपण नाही म्हणून." एवढंच. चिडून लिहिलेला वाटला नाही, म्हणून जास्तच लागला.

मी माफी मागितली, लगेच, आणि कारणं दिली नाहीत. टॅपिंगमध्ये जड आठवणींसाठी हळुवार पद्धती आहेत, आठवणीत न शिरता लांबूनच फक्त आकड्याचा अंदाज घ्यायचा वगैरे, पण मी त्यातलीही काही वापरली नव्हती, सरळ आतच ढकललं. आणि मुळात ते आमचं त्या दिवसाचं कामच नव्हतं.

पुढचा निर्णय

आता पुढे टॅपिंग करायचंच का? मी सरळ विचारलं, नको असेल तर नुसतं बोलू. ताई म्हणाल्या करायचं, पण कागद त्यांच्या मांडीवर राहील. राहिला. त्यानंतर प्रत्येक वेळी सुरुवातीला त्या तो मोठ्याने वाचायच्या आणि माझ्याकडे बघायच्या, कळलं ना अशा नजरेने.

चौथ्या भेटीत एक गंमत केली. माझा दुसरा नंबर त्यांच्या फोनमध्ये तात्पुरता "दादा" नावाने सेव्ह केला आणि मी बाहेरच्या खोलीतून रिंग द्यायची. खोटं आहे हे माहीत असूनही पहिल्या रिंगला आकडा ७! ताईंनाच आश्चर्य वाटलं. एक फेरी टॅपिंग, परत रिंग, ५. परत, ३. थांबलो, कारण ३ ला थांबायचं लिहिलं होतं. मला वाटत होतं आणखी एकदा करावं, पण मांडीवर कागद होता.

याच्याच जोडीला पुढचं वाक्यही ठरवलं. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ च्या लेखात दोन प्रकारच्या हेतूंमधला फरक मांडला होता, एक नुसता "मला अमुक साधायचंय" असा आणि दुसरा "अमुक झालं की मी तमुक करीन" असा, आणि हा दुसरा प्रत्यक्षात जास्त उतरतो. टॅपिंगवाले याबद्दल फारसे बोलत नाहीत. आमच्या कागदावर चौथी ओळ आली, "फोन वाजला की एक हात छातीवर, तिसऱ्या रिंगला उचलायचा आणि म्हणायचं, दादा, या वेळी नाही जमणार." "उद्या सांगते" असं आधी लिहिलं होतं ते ताईंनी स्वतःच खोडलं. "उद्या म्हटलं की तो उद्या करतोच."

निकाल

खरा फोन साधारण सहा आठवड्यांनी आला. तिसऱ्या रिंगला उचलला. नाही जमणार म्हणाल्या. पलीकडून आधी हसणं, मग समजावणं, मग आवाज चढला, मग फोन कट. ताईंचा आकडा तेव्हा ५ होता, वहीत लिहिलाय, आणि तासाभराने २. त्या रात्री झोप लागली, तीही सलग, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

ताईंचा दादावरचा राग अजून आहे, ६ च्या आसपास. त्यावर आम्ही बसलोच नाही. त्यानंतर दोन महिने दादाने फोन केला नाही आणि ताईंना त्याचं वाईट वाटतं, बरंही वाटतं, दोन्ही. घसा अजून कोरडा पडतो. रोजचं टॅपिंग सुटलंय, लागेल तेव्हाच करतात. मागे वही दाखवायला आणली होती, शेवटच्या भरलेल्या पानावर होतं, "हेतू: आज काही नाही. झोपायचंय." आकडे लिहिलेले नाहीत.

लहानपणाच्या गोष्टीसाठी मी त्यांना अशा आघातांवर काम करणाऱ्या एका सहकाऱ्याकडे पाठवलं. दोनदा गेल्या, मग थांबल्या. का ते मी विचारलं नाही.

हे सगळं टॅपिंगमुळे झालं का, तर मी तसं म्हणणार नाही. नाही म्हणायचा सराव होता, खोट्या रिंगा होत्या, कुणीतरी ऐकून घेत होतं, आणि "मग मी परत हो म्हणेन" हे स्वतःच्याच तोंडून बाहेर पडणं होतं. माझ्या मते निम्मं काम त्या एका वाक्याने केलं आणि तेव्हा तर टकटक बंद होती.

परत करायचं झालं तर

"हे खरंच गेलं तर काय होईल" हा प्रश्न मी दुसऱ्या भेटीत विचारला, तो पहिल्याच भेटीत, डॉक्टरांकडे पाठवताना विचारायला हवा होता. घरी निदान त्यावर विचार झाला असता. हल्ली मी कुणालाही टॅपिंग सुरू करायच्या आधी हा विचारते आणि उत्तर पटकन आलं तर तेच लिहून ठेवते, कारण सावकाश येणारी उत्तरं बरेचदा शोभेची असतात.

"कशावर नाही" ही ओळ मी आधी नुसती एक सोय म्हणून ठेवायची. ताईंच्या केसनंतर ती पहिली लिहून घेते, "कशावर" च्याही आधी. आणि टॅपिंग चालू असताना समोरचा माणूस स्वतःच त्या रेषेपलीकडे गेला तर मी प्रश्न विचारत नाही, एवढंच म्हणते, "हे आलं, लिहून ठेवू, आज यावर नाही." त्याने स्वतः विषय काढला म्हणजे परवानगी दिली असं मी धरलं होतं, तिथेच घोळ झाला. डोळे मिटून टॅपिंग करताना तोंडातून बरंच काही निघतं, त्यातलं सगळंच काही उघडायला दिलेलं नसतं.

थांबायच्या अटीही आता मी एकटी सांभाळत नाही. आकडा ९ च्या वर गेला की समोरच्याने हात वर करायचा आणि मी त्याच क्षणी थांबायचं, "अजून एक फेरी" नाही.

एका मुद्द्यावर मात्र माझं आणि ताईंचं अजून जमलेलं नाही. २० मिनिटं त्यांना कमी वाटतात, घरी एकटं करताना ४० तरी हवीत म्हणतात. मला एकट्याने ४० पटत नाही, १५ सुद्धा पुष्कळ झाली. शेवटचं बोलणं झालं तेव्हा त्या २५ वर आल्या होत्या.